एका कूलरला इतक्या वायरी कशासाठी?

प्रोसेसरला पाण्याने थंड ठेवणारा लिक्विड कूलर खोक्यातून काढला की पंपाच्या डोक्याला, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या भागाला, तीन-चार वायरी लोंबताना दिसतात. एकीला साटाचा, म्हणजे एरवी ड्राइव्हला वीज देणारा, चपटा प्लग असतो. दुसरीचा प्लग तीन छिद्रांचा, पण त्यात वायर एकच. शिवाय एखादी यूएसबीची, एखादी लायटिंगची. पहिल्यांदा जोडणारा गोंधळतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. या वायरी कोणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कामांसाठी निघालेले प्लग आज एका पंपावर येऊन भेटले आहेत. त्यांचा जन्म कशासाठी झाला हे कळलं, तर कुठला प्लग कुठे लावायचा हे पाठ करावं लागत नाही.

1981 च्या आयबीएम पीसीतल्या 8088 प्रोसेसरवर पंखा तर सोडाच, उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंकही नव्हता. पण चार पिनांचा तो मोठा प्लग, ज्याला आपण सरसकट मोलेक्स म्हणतो, तेव्हाही होता. पिवळ्या वायरीत 12 व्होल्ट, लाल वायरीत 5 व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. हा प्लग ड्राइव्हसाठी होता: ड्राइव्हची मोटर 12 वर फिरायची आणि तिचं सर्किट 5 वर चालायचं. पुढे 486 च्या काळात प्रोसेसर तापायला लागले, त्यांच्यावर छोटे पंखे बसले आणि त्यांनाही याच प्लगमधून वीज मिळाली. वीज मिळत होती, पण पंखा अडकला तर ते मदरबोर्डला कळायची सोय नव्हती.

ती सोय तीन पिनांच्या हेडरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीने, केली. ग्राउंड, 12 व्होल्ट आणि तिसरी खबर देणारी वायर. पंखा एक फेरा पुरा करताना या वायरीवरून दोन ठोके जातात आणि ते मोजून बोर्ड वेग काढतो. वीज देणं आणि खबर घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झालं. लिक्विड कूलर जोडताना आजही हाच फरक लक्षात ठेवावा लागतो.

पाण्याने थंड करण्याची कल्पना मोठ्या संगणकांमध्ये जुनीच होती. घरच्या डेस्कटॉपवर ती आणली हौशी लोकांनी, आणि जे हाताला लागलं त्यातून: गाडीच्या हीटरचा रेडिएटर, मत्स्यालयाचा पंप. एहाइम 1046 हा जर्मन पंप त्या काळी फार चालला. पण हे पंप थेट मेन्सच्या विजेवर चालायचे. कॅबिनेटमध्ये पाणी आणि शेजारीच मेन्सची वायर! शिवाय कॉम्प्युटरचं बटण वेगळं, पंपाचं वेगळं. पंप सुरू करायचा राहिला तर प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकमधलं घोटभर पाणी तापायला वेळ लागत नसे. 2001 च्या आसपास हीटसिंक काढलेला थंडरबर्ड अॅथलॉन प्रोसेसर काही सेकंदांत जळायचा, तेव्हा विसरभोळेपणा परवडणारा नव्हता. म्हणून लोकांनी मध्ये रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला की मोलेक्सचे 12 व्होल्ट रिले ओढणार आणि रिले पंपाला मेन्स जोडणार. जुगाड हुशारीचा होता, पण मेन्सचा धोका तसाच राहिला.

खरी सुटका 12 व्होल्टच्या डीसी पंपांनी केली. लाइंग कंपनीचे डी5 आणि डीडीसी त्यात गाजले. पण डी5 पूर्ण वेगात 20 वॉटच्या पुढे जातो, आणि मदरबोर्डचा साधा फॅन हेडर साधारण 1 अँपियरचा, म्हणजे 12 वॉटचा. तो पंख्यासाठी आखलेला आहे. त्याच्यावर असा पंप लादला तर बोर्डच जळू शकतो. त्यामुळे पंपाने वीज मोलेक्सवरून घेतली आणि खबरेची वायर तेवढी वेगळी काढून बोर्डाकडे पाठवली. तीन छिद्रांच्या प्लगमध्ये एकच वायर असण्याचं कारण हे.

2004 च्या सुमारास चौथी पिन आली. इंटेलचा प्रेस्कॉट प्रोसेसर तापायला जबर होता, 115 वॉटपर्यंत जायचा, आणि पंखा गरजेपुरताच फिरवायचा तर बोर्डाला हुकूम देण्यासाठी वायर हवी होती. निळ्या वायरीवरून साधारण 25 किलोहर्ट्झचे स्पंद जातात. त्यांची रुंदी म्हणजे वेगाचा हुकूम. ही वायर तुटली तर पंखा पूर्ण वेगाने फिरावा असं मानकातच लिहिलं आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तीन पिनांच्या पंपाला असं संरक्षण नाही. बोर्डाने व्होल्टेज उतरवलं तर तो मंदावतो, कधी सुरूच होत नाही. म्हणून पंपाचा हेडर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पूर्ण वेगावर ठेवायचा.

2009 मध्ये कॉर्सेअरने असेटेककडून बनवून घेतलेला एच50 आणला. कारखान्यातच भरून सील केलेला हा कूलर घरोघरी पोचला. त्याचा छोटा पंप फॅन हेडरवरच भागायचा. पुढे त्याच डोक्यातून पंख्यांनाही वीज जाऊ लागली, लाइट आले, यूएसबी आली, आणि वीज साटावर गेली. साटाच्या प्लगमध्ये 12 व्होल्टसाठी तीन पिना, प्रत्येकी दीड अँपियरच्या, म्हणजे 54 वॉट. कूलरला ते पुरून उरतं.

घात होतो तो स्वस्तातल्या मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टरवर. असा एक वितळलेला प्लग मी हातात घेऊन पाहिला आहे. काळं पडलेलं प्लास्टिक, आत पिवळी वायर लालला चिकटलेली. अशा प्लगमध्ये वायरींवर प्लास्टिक ओतून सगळं एकसंध केलेलं असतं. ओतताना वायर थोडी सरकली तरी बाहेरून दिसत नाही. प्लगची मागची बाजू पाहा. प्रत्येक वायर आपापल्या खाचेत शिरताना दिसली तर ठीक. गुळगुळीत ठोकळा दिसला तर तो वापरू नका. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थेट साटाची वायर येत असताना कन्व्हर्टर कशाला हवा?

तेवढंच जपायचं मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलला. मानकाने उपकरणाकडचं टोक ठरवलं, एसएमपीएसकडचं नाही. दुसऱ्या मॉडेलची केबल भोकात चपखल बसते, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जातात. लायटिंगमध्येही तेच: तीन पिनांची 5 व्होल्टची पट्टी 12 व्होल्टच्या चार पिनांवर लावली की एलईडी गेले.

बोर्ड बनवणाऱ्यांनीही मग पंपासाठी वेगळे हेडर दिले. त्यांवर एआयओ (ऑल-इन-वन) पंप किंवा डब्ल्यू (वॉटर) पंप असं छापलेलं असतं आणि काहींची क्षमता 3 अँपियरपर्यंत जाते. नेमका आकडा बोर्डाच्या पुस्तिकेत मिळतो. तरीही साटा लावून पंप फिरत असताना, ती एका वायरीची शेपटी लोंबती राहिली आणि सीपीयू फॅन हेडर मोकळा सुटला, की स्क्रीनवर फॅन एरर येऊन कॉम्प्युटर एफ1 दाबायची वाट पाहत थांबतो. पाणी आत व्यवस्थित वाहत असतं, पण बोर्डापर्यंत एकही ठोका पोचलेला नसतो.