पहिल्यांदा लघवी तुंबल्यावर शस्त्रक्रिया कधी? प्रोस्टेटच्या उपचारांची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी, भारतातील वैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन लंडनला गेलेल्या एका आयरिश शल्यचिकित्सकाने ओटीपोट उघडून प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) गाठ काढण्याची पद्धत रूढ केली. 1930च्या दशकात दुर्बिणीतून गाठ तासण्याचे उपकरण आले आणि पुढची पन्नास-साठ वर्षे ‘प्रोस्टेट म्हणजे ऑपरेशन’ हेच समीकरण राहिले. 1992 मध्ये अमेरिकेत गाठ आकुंचित करणाऱ्या फिनास्टराइडला आणि 1997 मध्ये मूत्राशयाच्या मुखाजवळचे स्नायू सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनला परवानगी मिळाली, तेव्हा ते मोडले. दुसऱ्या गटातील गोळीचा गुण काही दिवसांत दिसतो, पहिलीला सहा महिने लागतात. त्या काळात पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन) निम्म्यावर येतो, म्हणून कर्करोगाची शंका तपासताना गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावेच लागते.

खरा वाद मात्र लघवी अचानक पूर्ण तुंबण्याच्या प्रसंगाभोवती आहे. पूर्वी मूत्राशयात नळी (कॅथेटर) घालून त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया उरकली जाई. अशा घाईत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग अधिक होतो हे स्पष्ट झाल्यावर अल्फा-ब्लॉकर (टॅमसुलोसिनच्या गटातील गोळी) सुरू करून दोन-तीन दिवसांनी ‘नळी काढून पाहू’ ही रीत जगभर रुळली. निम्म्याहून अधिक रुग्णांना त्यानंतर लघवी होते, पण त्यांतल्या पुष्कळांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागते. सोलापुरात हा हिशेब शहरातल्या पेन्शनरासाठी एक आणि अक्कलकोट, मंगळवेढा किंवा सीमेपलीकडच्या इंडीकडून एसटीने आलेल्या शेतकऱ्यासाठी दुसरा ठरतो. मध्यरात्री पुन्हा तुंबले तर नळी घालणारा हात जवळ असेलच असे नाही. असा रुग्ण शस्त्रक्रिया झेपण्याजोगा असेल, तर नळी काढून पाहण्याचा प्रयोग फसताच, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची वाट न बघता, नियोजित शस्त्रक्रियेची तारीख देणेच रास्त. ज्यांची लघवी कित्येक महिने हळूहळू तुंबत गेली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातील घटक) वाढले, त्यांच्या बाबतीत तर नळी काढून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी नळीने मूत्रपिंडे सावरायची आणि मग गाठ काढायची.

शस्त्रक्रियाही बदलली आहे. दुर्बिणीतून तासताना वापरले जाणारे ग्लायसिनचे पाणी रक्तात शोषले जाऊन सोडियम घसरण्याचा धोका असे. बायपोलर यंत्रामुळे त्याची जागा सलाइनने घेतली आणि तो धोका जवळपास संपला. 1990च्या दशकात आलेल्या होल्मियम लेसरने ऐंशी ग्रॅमपेक्षा मोठी गाठही पोट न उघडता सोलून काढता येते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरुग्णांना त्याचा विशेष उपयोग होतो. ‘लेसर म्हणजे त्रासच नाही’ ही जाहिरातबाजी मात्र खरी नव्हे: वीर्य मागे मूत्राशयात जाण्याचा परिणाम त्यातही बहुतेकांना होतो, तर तो टाळणाऱ्या वाफेच्या किंवा क्लिपच्या नव्या उपायांत काही वर्षांनी पुन्हा उपचार घ्यावे लागण्याची शक्यता अधिक राहते.