वैमानिक मूल्यमापन दिवस

वैमानिक मूल्यमापन दिवस : विमान कंपनीच्या वैमानिक भरतीतील एक किंवा दोन दिवसांची निवडप्रक्रिया. बोलीभाषेत ‘असेसमेंट’. परवाना, उड्डाणतास आणि प्रथम वर्ग वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या छाननीतून उतरलेल्या उमेदवारांना बोलावून संगणकीय अभिक्षमता चाचणी, गटकार्य, मुलाखत आणि बहुधा सिम्युलेटरवरील (कॉकपिटच्या जमिनीवरील प्रतिकृतीतील) उड्डाण यांतून त्यांची पारख करतात. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांत ७० टक्के गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. इथे अशी जाहीर रेषा नसते, आणि व्यावसायिक परवान्याचे २०० तास भरलेल्या नवख्यांना हाच फरक सर्वांत जड जातो.

उगम : या पद्धतीच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचा प्रारंभ पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लष्करी मानसशास्त्रात आहे. उमेदवारांना नेता न नेमता चर्चेला बसवण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ रीफर्ट यांची, बहुधा १९२०च्या दशकाच्या मध्यातली, मानली जाते. दुसरे मत १९४२ मध्ये एडिंबरा येथे सुरू झालेल्या ब्रिटिश अधिकारी निवड मंडळाला आणि मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बिऑन यांच्या नेताहीन गटचाचणीला श्रेय देते. मात्र त्या वेळी स्कॉटलंडमधील सैन्याचे प्रमुख असलेले अँड्र्यू थॉर्न १९३०च्या दशकात बर्लिनच्या ब्रिटिश वकिलातीत लष्करी प्रतिनिधी होते आणि जर्मन निवडपद्धतीत त्यांना रस होता. हे पाहता दोन्ही प्रवाह सर्वस्वी स्वतंत्र मानणे कठीण जाते. भारतात असे पहिले मंडळ १९४३ मध्ये डेहराडूनला आले. आजची एसएसबी, म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी निवडणारे सेवा निवड मंडळ, हा त्याचाच वारसा होय. एसएसबीला जाऊन आलेला कोणी ना कोणी कोल्हापुरातल्या नात्यागोत्यात असतोच, त्यामुळे गटकार्याचे रूप इथल्या मुलांना अगदीच परके नसते.

वैमानिकांच्या बाबतीत मात्र केवळ हाच इतिहास देणे अपुरे वाटते. हात, डोळा व लक्ष यांच्या मापनाचा वेगळा प्रवाह पहिल्या महायुद्धापासून चालत आला. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकी हवाईदलाने तो मोठ्या प्रमाणावर वापरला. एक ते नऊ अशी ‘स्टॅनाइन’ श्रेणी तिथली आहे आणि काही संगणकीय चाचण्यांचे निकाल अजूनही तिच्यातच येतात. आजचा मूल्यमापन दिवस म्हणजे या दोन प्रवाहांचा संगम : सकाळी हाताची परीक्षा, दुपारी माणसाची.

गटकार्य : नागरी विमानवाहतुकीत या भागाला वजन आले ते अपघातांमुळे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण दगावले. उड्डाण घेणाऱ्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून हटले का, असे विचारले होते. कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि विषय तिथेच थांबला. १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेनंतर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’, म्हणजे कॉकपिटमधील प्रत्येकाची माहिती व मदत उपयोगात आणणे, ही संकल्पना रुजली. ‘मोठ्यांपुढे बोलू नये’ या संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलांनी हा प्रसंग मुळातून समजून घ्यावा. कॉकपिटमध्ये आदर राखायचा असतो, पण शंका गिळायची नसते.

सरावासाठी एक उदाहरण. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे, शिरोलीजवळ महामार्ग बंद आहे, एक हेलिकॉप्टर आणि तीन बोटी हाताशी आहेत. आठ मागण्यांचा क्रम २० मिनिटांत लावायचा. सहा उमेदवारांपैकी एक तावातावाने बोलतो, दोघे माना डोलावतात. चौथी उमेदवार घड्याळ पाहून सांगते, “सात मिनिटं उरली. डायलिसिसच्या रुग्णाचं अजून ठरलं नाही. तुमचं मत काय?” आणि गप्प बसलेल्याकडे वळते. परीक्षकाची पेन्सिल इथे चालते. क्रम बरोबर की चूक याला दुय्यम महत्त्व असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने २०१३ च्या सुमारास मांडलेल्या आठ क्षमतांपैकी संवाद, नेतृत्व व सहकार्य, कार्यभाराचे नियोजन या तिन्ही त्या तीन वाक्यांत दिसतात.

अभिक्षमता चाचणी : एका हाताने जॉयस्टिकवर ठिपका मध्यभागी धरणे, त्याच वेळी आकडे ऐकून लक्षात ठेवणे, आकृती मनात फिरवणे. सरावाने गुण काहीसे सुधारतात.

मुलाखत : तांत्रिक प्रश्न पुष्कळदा उमेदवाराच्या ओळखीच्या विमानतळावरून निघतात. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला, १९३९चा; उंची सुमारे २,००० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश से. असते. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ वर असेल तर फरक २४ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की २,८८० फूट होतात. ते विमानतळाच्या उंचीत मिळवले की, हवेचा दाब प्रमाण मानल्यास, घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) ४,९०० फुटांच्या घरात जाते : पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, उड्डाणाची धाव लांब. हे गणित तोंडी मांडता आले आणि शेवटी “म्हणून वजन किती घ्यायचं ते कामगिरीच्या तक्त्यावरून ठरवीन” असे म्हणता आले, की पाठांतर आणि समज यांतला फरक परीक्षकाला कळतो. दुसऱ्या भागात स्वतःच्या चुकीविषयी विचारतात. तिथे प्रामाणिक आणि थोडक्यात बोलावे.

सिम्युलेटर : ४५ अंशांची वळणे, स्टॉलमधून (पंखांची उचल हरपण्यातून) सावरणे, ऑटोपायलटविना आयएलएस (धावपट्टीवरील रेडिओ संकेतांच्या आधारे) उतरण. तीन अंशांच्या उतारावर भूवेगाला (जमिनीच्या सापेक्ष वेगाला, नॉटमध्ये) पाचाने गुणले की उतरण्याचा दर मिळतो. १२० नॉटला मिनिटाला ६०० फूट. उंची १०० फूट सुटली तर ते बोलून दाखवून दुरुस्त करणारा उमेदवार, न बोलता ५० फुटांत राहणाऱ्यापेक्षा उजवा ठरू शकतो.

कोल्हापूरहून जाताना : या चाचण्या सहसा महानगरांत होतात. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला उतरून थेट चाचणीला बसू नये. झोपेची तूट अभिक्षमता चाचणीत लगेच उघडी पडते. आदल्या दिवशीच पोहोचावे. मूळ लॉगबुक (उड्डाणतासांची नोंदवही) बरोबर असावे आणि त्यातील प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर आणलेल्या आकड्याशी जुळते का, हे घरीच तपासून घ्यावे.