ताग्याच्या भावावरून ठरलेली पायरी : इंग्लंडचा 1363 चा पोशाख कायदा

इंग्लंडमध्ये 1363 साली, तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, पार्लमेंटने थराथरानुसार कापडाच्या भावाला कमाल मर्यादा घातली. घरगड्याचे कपडे ज्यातून बेतायचे, तो अख्खा तागा जास्तीत जास्त 2 मार्कांचा (मार्क म्हणजे 160 पेनी, शिलिंग म्हणजे 12 पेनी). कारागीर आणि बऱ्या परिस्थितीतला शेतकरी यांच्यासाठी 40 शिलिंग. नाइटच्या खालचा जमीनदार म्हणजे एस्क्वायर. त्याचं जमिनीचं वार्षिक उत्पन्न 100 पौंडांच्या आत असेल, तर साडेचार मार्क. गाडीवान, नांगरे, मेंढपाळ यांच्याजवळ 40 शिलिंगांचीही चीजवस्तू नसेल, तर त्यांनी वाराला 12 पेनी भावाचं जाडंभरडं लोकरी कापड वापरायचं आणि कमरेला लिननचा पट्टा बांधायचा.

पार्श्वभूमी प्लेगची होती. 1348-49 च्या साथीत माणसं इतकी मेली की उरलेल्या मजुरांचा भाव वधारला. 1351 च्या कायद्याने मजुरी रोखायचा प्रयत्न झाला. 1363 मध्ये कपड्यांबरोबर ताटावरही नजर गेली: गड्यांना मांस किंवा मासे दिवसातून एकदाच.

आता हिशेब मांडून पाहू. तागा साधारण 24 ते 28 वारांचा. म्हणजे गड्याचं कापड वाराला 11 ते 13 पेनी, कारागिराचं 17 ते 20, एस्क्वायरचं 26 ते 30. गडी आणि जमीनदार यांच्यात फरक फक्त सव्वादोन पटींचा! कायद्याची खरी कमजोरी इथेच आहे. भाव ताग्याला लावलेला, पण रस्त्यावर दिसतो तो शिवलेला अंगरखा. वाराला 13 पेनीचं कापड आणि 18 पेनीचं कापड एकदा बेतून शिवलं, चार महिने वापरलं, की वेगळं ओळखणार कोण?

टोकाचं महाग कापड मात्र लगेच कळे. उत्तम लोकर विणून झाली की ओल्या मातीत तुडवून आटवायची, काटेरी बोंडांनी लव उभी करायची, ती मोठ्या कात्रीने कातरायची, आणि हे पुन्हा पुन्हा. मग तुरटीत उकळून रंग. किरमिजी छटेसाठी भूमध्य सागराकाठच्या ओकवरचे केर्मिस किडे वाळवून वापरत, आणि ताग्याच्या किमतीचा मोठा वाटा त्यांचाच असे. फरचंही तसंच. कारागिराच्या बायकोला कोकरू, ससा, मांजर, कोल्हा एवढीच मुभा होती.

मला सर्वांत बोलका वाटतो तो व्यापाऱ्यांचा नियम. 500 पौंडांची मालमत्ता असलेल्या व्यापाऱ्याला 100 पौंड जमीन-उत्पन्नाच्या एस्क्वायरइतकाच पोशाख. पैसा मान्य, पण जमिनीपुढे त्याची पायरी खालची.

उल्लंघनाची शिक्षा म्हणजे तो कपडाच जप्त. मर्यादेतलं कापड बाजारात पुरेसं असावं, म्हणून विणकर-व्यापाऱ्यांनाही ते तयार ठेवण्याचा हुकूम होता. तरीही 1365 च्या सुरुवातीला पार्लमेंटने कायदा मागे घेतला.

इटलीतल्या फ्लोरेन्स शहराने दुसरी वाट धरली. तिथे 1343 पासून बंदी आलेले जुने पोशाख नोंदवहीत रंग, नक्षी, अस्तरासकट लिहून घेत आणि त्यांवर शिक्का मारत. शिक्का असलेला झगा घालायला परवानगी होती. तपासनिसाला भाव ओळखायची गरज नव्हती, शिक्का पाहिला की झालं.