घड्याळाचे चित्र का काढायला सांगतात? न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे येण्यापूर्वी वाचा

‘वय झाले, विसरायला होणारच,’ असे म्हणत घरची माणसे वर्ष-दोन वर्षे काढतात. मग डॉक्टर आमच्याकडे, म्हणजे मेंदूचे काम चाचण्यांतून तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात आणि पहिली शंका येते: वेड लागले की काय? नाही. ही वेडाची तपासणी नव्हे, आणि इथे पास-नापासही नसते.

एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. तो मेंदू रोजची कामे कशी निभावतो, हे आम्ही पाहतो. स्कूटरवरून पडलेल्या मुलाचा सीटी स्कॅन चांगला येतो, तरी आई म्हणते, ‘तो पहिल्यासारखा राहिला नाही.’ दोन कामे सांगितली की एक विसरतो, हिशोबात अडतो, लगेच चिडतो. आईचे म्हणणे आम्ही तपासणीइतकेच महत्त्वाचे मानतो.

चाचण्या दिसायला साध्या असतात. कोऱ्या कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची. पक्षाघातानंतर कुणी बाराही आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबतो. डावी बाजू रिकामी राहिली हे त्याला जाणवतही नाही. नजर शाबूत असते, लक्ष त्या बाजूला जात नाही. आणखी कुणी ‘दहा’ ऐकून मिनिटकाटा 2 ऐवजी थेट 10 च्या आकड्यावर नेतो. चूक किती यापेक्षा कशी झाली, ते जास्त बोलते.

गोव्यात भाषेचा विचार आधी करावा लागतो. घरात कोंकणी, शाळा मराठी, कचेरीत इंग्रजी, आणि पाढे मात्र मराठीतच येतात. ज्या भाषेत माणूस विचार करतो, त्याच भाषेत आम्ही विचारतो. शिक्षणही पाहतो: शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीची तुलना पदवीधराशी करणे हा अन्यायच. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने 2004 मध्ये प्रौढांसाठी प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय आणि शिक्षण पाहून वेगवेगळी प्रमाणे दिली आहेत, ती याचसाठी.

एका मिनिटात आठवतील तेवढी फळे सांगायची, अशीही एक चाचणी असते. चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळे, डोळ्यांसमोर आणून कुणी भराभर नावे घेतो. उलट सगळ्या आरत्या तोंडपाठ असलेली आजी सकाळी पेज जेवली की नाही, हे सांगू शकत नाही. जुने पाठांतर टिकते, नवी आठवण रुजत नाही. म्हणून ‘आरत्या येतात, म्हणजे ठीक आहे’ असे समजून थांबू नका.

तपासणारी व्यक्ती कोण, हे जरूर विचारा. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर रुग्णालयात राबून केलेले क्लिनिकल सायकॉलॉजीचे 2 वर्षांचे एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, हा आपल्याकडचा आजवरचा रुळलेला मार्ग. त्यापुढे मेंदूविकारांचे वेगळे शिक्षण आणि सराव. नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. औषधे आम्ही लिहून देत नाही, ते काम डॉक्टरांचे. अहवालानंतर गाडी चालवावी का, कामावर कधी परतावे, गोळ्यांची आठवण कशी ठेवावी, हे घरच्यांसह बसून ठरवतो.

दोन-तीन तास लागतात, मध्ये चहाची सुट्टी असते. चष्मा, कानाचे यंत्र, जुने अहवाल आणि चालू औषधे आणा. सोबत रोज एकत्र राहणारे कुणीतरी हवे. मोबाईलवर चाचण्यांचा सराव मात्र करून येऊ नका, निकाल बिघडतो. आदल्या रात्री नीट झोपा, उपाशीपोटी येऊ नका.