मशीनमध्ये बोट गेलं: ऑपरेशन, ईएसआयचा क्लेम आणि कुठे अडकतं

पीथमपूरच्या कारखान्यांतली मुलं हाताला बँडेज बांधून इंदूरला आमच्याकडे फॉर्म भरायला येतात, आणि बहुतेकांचं एका ओळीवर अडतं. पहिल्या दिवसाच्या केस पेपरवर लिहिलेलं असतं, "घरी दारात बोट सापडलं." सुपरवायझर म्हणतो असंच सांग, खर्च आम्ही बघतो, आणि दुखण्याच्या भरात पोरगा तसंच सांगतो. नंतर खर्च कोणी बघत नाही आणि ती ओळ काही हलत नाही. म्हणून हात जोडून सांगते, पेपर हातात आला की तिथेच उभं राहून वाचा, कामावर, कुठल्या मशीनवर, किती वाजता, सगळं आहे का.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू. नोकरीच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे, "अजून हप्ता भरला नाही" म्हणून परत पाठवलं तर मागे फिरू नका. बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. आधार, विमा नंबर, पासबुक, डिस्चार्ज पेपर, एक्स-रे हे सगळ्यांकडे असतं. नसतो तो मालकाने भरायचा अपघात रिपोर्ट. तो देत नसतील तर स्वतः लेखी कळवा, एक प्रत ईएसआयच्या ब्रांच ऑफिसात द्या आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पायाचं बोट हाताला लावणं, तर्जनी सरकवून अंगठा करणं, अशी ऑपरेशनं चालू असताना कायमच्या अपंगत्वाचे टक्के मागायची घाई नको, ते मेडिकल बोर्ड उपचार संपल्यावर ठरवतं. कायद्याच्या यादीत अंगठ्याचे 30, तर्जनीचे 14, मधल्या बोटाचे 12, अनामिका किंवा करंगळीचे 7 टक्के आहेत, पण हे कमाई घटल्याचे टक्के. दिव्यांग सर्टिफिकेटचे वेगळे, तिथे बऱ्याच सवलतींना 40 लागतात आणि एका बोटावर ते सहसा होत नाहीत, लोक एकाचा कागद दुसरीकडे लावतात आणि फेटाळलं जातं.

ईएसआय नसेल तर आयुष्मान, म्हणजे सरकारची मोफत उपचाराची योजना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. तिथे ओळख पटवायला अंगठा मशीनवर टेकवायला सांगतात, आणि अंगठाच नाही! मी एका भावाला चार वेळा टाके पडलेलं बोट काचेवर दाबताना पाहिलंय. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीने होतं, डोळ्याने किंवा चेहऱ्यानेही होतं, स्पष्ट मागा.

बोर्डाने टक्के कमी दिले तर अपीलला तीन महिने, आणि ते निर्णय कळल्यापासून मोजतात, पुढच्या ऑपरेशनपासून नाही.