राणीछाप रुपया घासू नका

पेठेतला जुना वाडा पाडला, की पायाच्या मातीत कधी कधी व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा एखादा काळाठिक्कर चांदीचा रुपया सापडतो. तो हाती आला, की चिंच-रांगोळी घेऊन लख्ख घासावासा वाटतो. तेवढं मात्र करू नका.

मेटल डिटेक्टरला हा रुपया कळतो तो विजेमुळे. यंत्राच्या वेटोळ्यातला उलटसुलट प्रवाह जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यात धातू आला, की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं क्षीण क्षेत्र यंत्र टिपतं. सगळ्या धातूंत चांदी विजेची सर्वांत उत्तम वाहक, त्यामुळे तिचा प्रतिसाद पातळ फॉइलच्या तुकड्यापेक्षा उशिरा येतो. त्या फरकावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो. पुण्यात पंचाईत होते ती खडकाची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते मातीतही उतरतं. यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घेतलं नाही, तर ते नाण्याविनाच वाजत राहतं.

आता तो काळा थर. गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं. त्याच्या १०० ग्रॅममध्ये तब्बल ८७ ग्रॅम चांदीच असते! म्हणजे घासून जे निघतं तो मळ नव्हे, नाण्याचंच अंग. खारट मातीत करडा, मेणचट थर येतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. हिरवटपणा तांब्याचा, ११.६६ ग्रॅमच्या राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबंच. पुढच्या रुपयांत मात्र १९४० पासून चांदी निम्म्यावर आली.

पेशवाईतला अंकुशी रुपया भिंगाखाली धरून पाहावा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून फारसी मजकुराचा तुकडाच उमटलेला दिसतो आणि त्यात एखाद्या कोपऱ्यात अंकुश. या रेघा उठावाच्या, त्यामुळे घासताना आधी झिजतात त्याच. अंकुश गेला, तर नाणं ओळखायचं कशावरून?

डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस भिजत ठेवा, पाणी बदला, सुटलेली माती बांबूच्या काडीने अलगद काढा. नंतर मऊ कापडाने टिपा, पुसू नका. फार वर्षं पुरलेली चांदी ठिसूळ होते, म्हणून वाकवूनही पाहू नका. फॉइल आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी परत मिळते हे खरं, पण ती सच्छिद्र आणि निस्तेज बसते. घरच्या निरांजनाला हा उपाय चालेल, जुन्या नाण्याला नको.

नाणं कुठे आणि किती खोल मिळालं ते लगेच लिहून ठेवा. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. इतरत्रही, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.