खेळण्यांची वाटणी कुणी केली?

बाहुली मुलीची, मोटार मुलाची ही वाटणी जणू निसर्गानेच करून दिली आहे, असं आपण धरून चालतो. बालशिक्षणाची सुरुवात मात्र अशी झाली नव्हती. बालवाडीचे जनक फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ नंतर जर्मनीत लहानग्यांसाठी जी खेळणी तयार केली, त्यांत लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन आणि दंडगोल होते. ती सगळ्याच मुलामुलींसाठी होती.

वाटणी ठळक केली ती बाजाराने, आणि तीही कायम सारखी राहिली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जाहिराती मुलींना घरकाम आणि मुलांना बांधकाम शिकवत होत्या. १९७० च्या दशकात स्त्री चळवळीमुळे ही भिंत बरीच खचली. १९७४ मध्ये लेगोने पालकांना लिहिलेल्या पत्रकात तर स्पष्ट म्हटलं होतं, की कित्येक मुलांना बाहुलीघरं आवडतात आणि कित्येक मुलींना अवकाशयानं. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवरचे निर्बंध सैल झाले. त्यानंतरच्या दशकांत गुलाबी आणि निळी कपाटं पूर्वीपेक्षाही दूर गेली. ब्रिटनमध्ये २०१२ साली पालकांनीच दुकानांतल्या ‘मुलांसाठी’, ‘मुलींसाठी’ या पाट्यांविरुद्ध मोहीम उघडली.

पण पाट्या काढल्या म्हणून मोठ्यांचा हात बदलतो का? १९७८ साली प्रसिद्ध झालेला कॅरोलाइन स्मिथ आणि बार्बरा लॉइड यांचा प्रयोग मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनोळखी आयांकडे सहा महिन्यांचं बाळ खेळवायला दिलं. बाळ कधी मुलाच्या कपड्यांत आणि मुलाच्या नावाने, तर कधी मुलीच्या. समोर बाहुली होती, हातोडीही होती. कपडे बदलले की आई आधी कोणतं खेळणं पुढे करते तेही बदलत होतं. ‘मुलगा’ समजलेल्या बाळाला हातपाय हलवायला उत्तेजनही जास्त मिळालं. बाळाने अजून काहीच निवडलेलं नव्हतं!

स्वीडनने हे गांभीर्याने घेतलं. १९९८ च्या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमात पारंपरिक लिंगभूमिकांना छेद देण्याची जबाबदारी थेट बालवाड्यांवर टाकण्यात आली. त्याआधीच येव्ले भागातल्या काही शिक्षिकांनी स्वतःच्या वर्गाचं चित्रीकरण करून पाहिलं होतं: लक्ष मुलांकडे जास्त, मदतीची अपेक्षा मुलींकडून. २०१० मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या ‘एगालिया’ बालवाडीने खेळाचे कोपरेच नव्याने मांडले. ठोकळे मुद्दाम खेळातल्या स्वयंपाकघराला लागून ठेवले, म्हणजे रांधणं आणि बांधणं यांत मुलामुलींच्या मनात भिंत उभी राहू नये.